एसपीला किती?

अकरावी कॉमर्सचे ऐच्छिक विषय भरून घेत होतो. माझ्या एसपीसमोर, म्हणजे चिटणीसाच्या कार्यपद्धतीसमोर (कंपनीच्या सेक्रेटरीचं काम शिकवणारा विषय), दुपारपर्यंत फक्त ७ टिकमार्क. सगळी झुंबड आयटीला. ‘मॅडम, मैत्रिणीने तेच घेतलंय.’ बरं बाई! विषयाचं नावही असं की ऐकूनच जांभई यावी.

शेवटी पर्समधून सासऱ्यांचं पिवळं पडलेलं शेअर सर्टिफिकेट काढलं. घडीवर फाटलेलं, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. पोरं घोळक्याने जमली.

‘हे आता विकता येतं?’

‘आधी डीमॅट, म्हणजे कागदाचं इलेक्ट्रॉनिक शेअरमध्ये रूपांतर, करावं लागेल.’

‘ते शिकवता तुम्ही?’

अगं, बारावीला डिपॉझिटरीचा, म्हणजे असे इलेक्ट्रॉनिक शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा, अख्खा धडा आहे!

संध्याकाळी आकडा १९. एक पोरगा उद्या आजोबांची ट्रंक उघडणार आहे म्हणे.