'गोळ्या चालू आहेत का?' 'नाही.'

ठाण्याहून रात्रीच्या बसने देवगडला आले. खिडकीची सीट, पाणी मुद्दाम कमी प्यायलेलं. बाईमाणसाने वाटेत उतरायचं कुठे? सकाळी डावी पोटरी जड लागली. दुसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा लागेना. सासूबाई म्हणाल्या, "खोबऱ्याचा त्याल लावन चोळ गो, सूज उतरतली." चोळलं. नंतर डॉक्टर त्यावरूनच रागावले. शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

गावातल्या डॉक्टरांनी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी 4 सेंटिमीटर जाड, हाताला गरम. "गोळ्या चालू आहेत का?" मी "नाही" म्हटलं. बीपी नाही, शुगर नाही. पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, रात्री गाऊन भिजतो, म्हणून चार महिने हार्मोनच्या गोळ्या घेत होते, त्या माझ्या हिशोबात औषध नव्हत्याच. पाळीचं विचारलं तेव्हा आठवल्या. "घरात कुणाला रक्ताची गाठ?" "नाही."

डॉपलरसाठी, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीसाठी, कणकवलीला निघालो. नांदगाव तिठ्यावर गाडी थांबली आणि एकदम आठवलं, धाकट्या भावाच्या बाळंतपणात आईचा पाय असाच सुजला होता. 'बाळंतिणीचा पाय धरला' एवढंच घरात म्हणत. गाठ हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

डॉपलरवाल्या बाई पायाला जेली लावून जागोजागी दाबत होत्या. चांगली शीर दाबली की चपटी होते. गुडघ्यामागची माझी शीर काही केल्या दबेना.

पोटात घेतलेली इस्ट्रोजेनची, म्हणजे मी घेत होते तसली हार्मोनची, गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, असं मला तिथे समजलं. 2002 साली गाजलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या 10,000 बायकांमागे वर्षाला गाठी झाल्या 34 जणींना. औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत 16. म्हणजे बहुतेकींना काहीच होत नाही. पण धोका पहिल्या वर्षात जास्त, त्यात आईचा इतिहास आणि रात्रभर पाय लोंबते. त्वचेवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने असा धोका वाढलेला दिसत नाही, हेही मला गाठ झाल्यावर कळलं. गोळ्या लिहून देणाऱ्यांनी घरचा इतिहास विचारला नव्हता. राग आहे, पण मीही कुठे काही विचारलं?

हार्मोनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. आधी पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, निदान तीन महिने. या दिवसांत बांगडे कापताना आडाळ्यावर बोट चिरलं, तर फडकं दाबून वीस मिनिटं बसले होते.

कणकवलीहून येतानाच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आईचं माका कोणी इचारूकच नाय." तिच्याही हार्मोनच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली.

वाफा परत आल्यात. मी पडवीत झोपते.