मूठमाती

पुण्यात माती विकत घेतात हे कळल्यावर मंगळवेढ्याचा मामा जरा वेळ काही बोललाच नाही. मग त्याने विचारलं, "किलोवर?"

"हो मामा, पिशवीवर छापलेलं असतं."

पुढच्या खेपेला तो आला तो युरियाचं जुनं पोतं खांद्यावर घेऊनच. तिसऱ्या मजल्यावर चढून त्याने ते बाल्कनीत धप्पकन टाकलं. "घे. ज्वारीच्या रानातली हाय. एकदा भिजली की पुन्हा इचारायचं काम नाही."

त्याचं खोटं नव्हतं. तिकडची मालदांडी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात आणि पुढे ती जमिनीत मुरलेल्या ओलीवरच निघते. काळी माती पाणी धरते म्हणजे धरूनच बसते. मी चार कुंड्या काठोकाठ भरल्या, टोमॅटो आणि मिरची लावली आणि आठवडाभर बागायतदारीण असल्याच्या थाटात वावरले.

आधी कुंड्यांचा चिखल झाला. पाणी उतरेना, पानं पिवळी पडली. घाबरून मी पाणी तोडलं, तर त्याच मातीची वीट झाली. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. रानात उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात; कुंडीत तो सगळा गोळाच कडा सोडून आत सरकला. वरून ओतलेलं तांब्याभर पाणी त्या फटीतून सुळकन खाली. रोप तहानलेलं, ताटली भरलेली आणि खालच्या काकूंनी वाळत घातलेली चादर पुन्हा धुवायला.

मामाच्या मातीचा दोष नव्हता. रानाला तळ नसतो, कुंडीला असतो, एवढाच काय तो फरक. रानात वरचं पाणी खालची माती ओढून घेत राहते. कुंडीत ते तळाशी येऊन थबकतं, भोक असलं तरी. खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. म्हणून तीच माती उथळ कुंडीत जास्त चिंब राहते आणि तळच्या मुळांना हवा मिळत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, हे मला चार मिरच्या गेल्यावर समजलं.

तळाशी विटांचे तुकडे भरायची रीतही तेव्हाच सुटली. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडतं. म्हणजे पाणथळ जागा गेली नाही, चार बोटं वर सरकली इतकंच. आता भोकावर एक खापरी पालथी घालते, माती वाहून जाऊ नये म्हणून. बस्स.

मग आलं कोकोपीट. नारळाच्या सोडणातला काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो दाबून केलेली वीट. पाच किलोची एक वीट भिजली की चार-पाच बादल्या भरतात. पहिल्यांदा मी एकाच बादलीत भिजवली आणि न्हाणीघर तासभर बंद ठेवावं लागलं. सोडणं पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात मीठ असतं. दोन-तीनदा धुवावं लागतं. पहिलं पाणी अगदी कोऱ्या चहासारखं. भुसा हलका, पाणी धरूनही भुसभुशीत राहणारा, पण अन्नाच्या नावाने जवळजवळ शून्य. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावा म्हणणाऱ्यांनी पुढे रोज कोणतं खत घालायचं तेही त्याच दमात सांगावं.

शेणखताचीही एक शाळा झाली. मुरलेलं म्हणून आणलेलं खत अर्धकच्चं निघालं, कुंडी गरम झाली आणि महिन्याभराने मुळाशी हुमणी सापडली, पांढरी, गलेलठ्ठ, अर्धगोल वळलेली अळी. आता पोत्यात हात घालून वास घेतल्याशिवाय खत घेत नाही. दुकानदाराला हा प्रकार आवडत नाही, त्याला इलाज नाही.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर आणि मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांच्या कृती वाचल्या तेव्हा धीर आला. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, पण पालापाचोळ्यात रमलेले. दोशींनी गच्चीवरच्या बागेत उसाचं चिपाड वापरलं. दोघांकडेही माती थोडी आणि कुजणारा कचरा भरपूर.

माझं मिश्रण असं ठरलं: दोन घमेली धुतलेलं कोकोपीट, एक घमेलं गांडूळखत, अर्धं घमेलं भाताचं तूस, दोन मुठी निंबोळी पेंड. आणि मामाची काळी माती, तांब्याभर. विरजणासारखी. कारण तीच चिकण माती थोडीशी असली तर खतातलं सत्त्व धरून ठेवते, नाहीतर ते पाण्याबरोबर ताटलीत जातं. हे सगळं जुन्या चादरीवर कालवायचं आणि मूठभर घेऊन आवळायचं. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर कोरडं, फुटलाच नाही तर चिकण, बोटांमधून पाणी आलं तर अजून थांबा.

दिवाळीला मामा आला. मिरच्या लगडल्या होत्या. त्याने कुंडीत बोट खुपसलं, चिमूटभर चोळलं, हुंगलं.

"अगं, ह्यात माती कुठं हाय?"

"आहे मामा, तांब्याभर."

"आन् बाकीचं पोतं?"

बाकीचं पोतं नवरात्रातच संपलं होतं. घटाला शेतातली काळी माती लागते आणि आमच्या सोसायटीत ती फक्त माझ्याकडे होती. पहिल्या माळेला सकाळी सहापासून दाराशी रांग. कुणी पिशवीत, कुणी वाटीत, कुणी नुसत्या ओंजळीत नेली. खालच्या काकू चादरीचं सारं विसरून दोनदा आल्या. आमचे गहू नवव्या दिवशी वीतभर होते. त्यांचे आमच्यापेक्षा उंच.

हे सांगितल्यावर मामाने फक्त विचारलं, "किलोवर दिली का?"