शिवी खोडली की ओळ का पडते

ब्रेक घेऊन परतलेल्या रॅपरची पहिली अडचण वहीतच भेटते. मधल्या काळात दारू सुटलेली असते, किंवा घरात लहान मूल आलेलं असतं, किंवा बायकांबद्दल आधी जे बिनधास्त लिहिलं ते आता जिभेवर येत नाही. मग तो जुना व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, काढतो, नको ते शब्द खोडतो, तिथे बरे शब्द घालतो आणि बीट, म्हणजे गाण्याखालचा वाजता ताल, लावतो. ओळ पडते, तालात बसत नाही. आपली धार गेली असं वाटून बरेच जण इथेच पुन्हा थांबतात, आणि ते फार वाईट वाटतं, कारण दोष धारेत नसतो. खोडलेला शब्द अर्थाबरोबर तालाचंही काम करत होता.

बार म्हणजे तालाचं एक आवर्तन. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ‘टक’ आवाज, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. आपल्या शिव्या बऱ्याचदा दोन-तीन अक्षरी असतात, त्यात भ, झ, ड, ट असे आघाताचे वर्ण असतात, आणि त्या स्नेअरच्या अगदी आधी किंवा स्नेअरवरच बसवलेल्या असतात. त्या जागी ‘सकारात्मक’ घातलं की दोन घरांत चार अक्षरं कोंबावी लागतात. तोंड घाई करतं, स्नेअर हुकतो आणि पुढचा बार उशिरा सुरू होतो.

उपाय असा: जुनी ओळ शब्दांशिवाय, नुसत्या ‘डड-डा-डड’ अशा बोलांत फोनवर रेकॉर्ड करा. ती चार-पाच वेळा ऐका आणि त्या साच्यात नवे शब्द भरा. खड्डा, झटका, ठोका, पत्ता, टाळं, घट्ट हे सगळे साधे शब्द आहेत, पण स्नेअरवर शिवीइतकेच वाजतात. अक्षरं लिहिण्याप्रमाणे न मोजता बोलण्याप्रमाणे मोजा. ‘वाजला’ कागदावर तीन अक्षरं आहे, तोंडात ते ‘वाज्-ला’ असं दोनच होतं.

दुसरी अडचण प्रवचनाची, आणि ती जास्त हट्टी. मूल्यं नवी असली की सांगायची घाई होते. ‘व्यसन सोडा, माणूस जोडा’ ही ओळ खरी आहे, पण ती भिंतीवरच्या फलकाची आहे. त्याऐवजी हे पाहा:

तीन वाजता फोन वाजला,
आईचं नाव, जीव लाजला.

इथे कुणाला उपदेश नाही, तरी बदललेला माणूस दिसतो. यमकाकडेही लक्ष द्या. मराठीत क्रियापदांच्या शेवटी ला, ली, तो, ते येतातच, त्यामुळे ‘गेला–आला–झाला’ असं यमक फुकट मिळतं आणि सराव सुटलेला हात त्याच्याकडेच वळतो. नुसतं ‘ला’ जुळवून थांबू नका. वाज-लाज यांसारखं मुळातलं जुळलं की ओळ कानात राहते.

बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटाची सुरुवातीची गाणी बायकांची टिंगल करणारी होती. १९९४ च्या त्यांच्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात त्यांच्यातल्या ॲडम याउखने चारच ओळींत सांगितलं की स्त्रियांचा अनादर आता पुरे, आणि गाणं त्याच उसळत्या चालीत पुढे गेलं. माझ्या मते एवढंच प्रमाण योग्य आहे. ‘मी का गेलो होतो, का परत आलो’ यावर अख्खं गाणं खर्च करणं ही परतीची सगळ्यात कमकुवत सुरुवात.

आता श्वास. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक बार २.६७ सेकंदांचा, सोळा बारचा व्हर्स सुमारे ४३ सेकंदांचा. सुरुवात ७० ने करा आणि ओळी स्वच्छ निघायला लागल्या की पाच-पाचने वाढवा. आधी दर दोन बारला श्वास, मग दर चारला. श्वासाची जागा वहीत तिरक्या रेघेने दाखवा. ती ठरवली नाही तर फुप्फुसं स्वतःच ठरवतात, आणि नेमकी यमकाच्या शब्दावर. सरावाआधी दहा मिनिटं ओठ फुरफुरवणं किंवा स्ट्रॉतून हलका हुंकार पुरे. आवाज बसला तर त्या दिवशी थांबा. तीन आठवडे तसाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जुना, तरुण आवाज काढायला जाऊ नका. घसा आवळला जातो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

रेकॉर्डिंगला माइकपासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. ख, फ, भ यांची फुंकर माइकच्या पडद्यावर धडकते, म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवा. प्रत्येक ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडू (पंच करू) नका. तसा जोडलेला व्हर्स स्टेजवर एका दमात निघणार नाही.

जुन्या गाण्यांना हात लावण्याआधी कागद पाहा. भाड्याने घेतलेल्या बीटचा करार बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा असतो, आणि ती मुदत ब्रेकच्या काळात संपलेली असू शकते. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, लेबलकडे (रेकॉर्ड कंपनीकडे) असेल तर गाणं खाली उतरवणं एकट्याच्या हातात नसतं. तेच रेकॉर्डिंग पुन्हा चढवताना जुना आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वापरा. शब्द बदलून नव्याने गायलं तर नवा क्रमांक लागतो.

स्टेजवर लोक जुनं गाणं मागणारच, आणि खरी चाचणी तिथे असते, कारण तोंडाला जुना शब्द पाठ असतो. फक्त बदललेली ओळ घोकून काही होत नाही. ओळी साखळीसारख्या आठवतात, आधीची ओळ पुढचीला ओढून आणते. म्हणून नेहमी दोन ओळी मागून सुरू करा, अर्ध्या वेगात, नवा शब्द सलग वीस वेळा न चुकता येईपर्यंत. मागे वाजणाऱ्या ट्रॅकवर जुना आवाज ठेवू नका, नुसती बीट वाजू द्या. समोरचे लोक जुना शब्द ओरडतील. त्या क्षणी माइक त्यांच्याकडे वळवू नका, तो तोंडाशीच ठेवा आणि नवा शब्द ठोक्यावर टाका.