पाटी वर गेली आणि सगळं थांबलं

तीन दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले. आम्ही मुलांसाठी एक अभिरूप सुरक्षा परिषद घेतली. मॉक यूएन म्हणतात ना तेच, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नक्कल, फक्त आमसभा वगैरे काही नाही, नुसती सुरक्षा परिषद. पंधरा खुर्च्या, पंधरा देशांच्या पाट्या आणि सोळा-सतरा वर्षांची पंधरा मुलं. वेळ लावणं आणि नियम सांभाळणं हे माझं काम. प्रश्न काल्पनिक होता. दोन शेजारी देश, सीमेवर वेढा पडलेलं एक शहर, आत अडकलेली माणसं, आणि त्यांच्यापर्यंत पाणी आणि औषधं पोचावीत म्हणून 72 तासांची युद्धबंदी करायची का, एवढाच ठराव.

पहिला दिवस भाषणांत गेला. शांतता ही काळाची गरज आहे, आपण सगळे एक आहोत, युद्धाने कुणाचंच भलं होत नाही. सगळं खरं, सगळं मनापासून बोललेलं, पण ऐकताना कळत होतं की ही वाक्यं मुलांची नाहीत, ती आम्ही मोठ्यांनीच निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांमधून त्यांच्या तोंडात बसवलीयत. शांतता म्हटलं की कबुतर काढायचं, हातात हात घातलेली माणसं काढायची आणि खाली घोषणा लिहायची, हे त्यांना लहानपणापासून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र ठरावाचा मसुदा समोर आला आणि मुलं एकदम बदलली. एका शब्दावरून चाळीस मिनिटं भांडण, मी घड्याळ लावून बसले होते म्हणून सांगते. परिषद दोन्ही देशांना "आवाहन करते" म्हणायचं की परिषद "मागणी करते" म्हणायचं. एक मुलगी म्हणाली की आवाहन केलं तर ते ऐकणारच नाहीत, तर समोरचा म्हणाला की मागणी केली आणि ऐकली नाही तर मग आपण पुढे काय करणार ते पण लिहायला लागेल, आहे का तयारी? सगळे गप्प. मग औषधांच्या गाड्या मोजणार कोण, रात्री गाड्या सोडायच्या का, ड्रायव्हर कुठल्या देशाचे, गाडीत शस्त्रं नाहीत हे तपासणार कोण, असे एकामागून एक प्रश्न निघत गेले आणि कबुतर कुठच्या कुठे गेलं. मला तर तिथेच वाटलं की आता ही मुलं खरोखर शांततेबद्दल बोलायला लागली.

मग मतदान. ठराव पास व्हायला पंधरापैकी नऊ मतं लागतात. तेरा पाट्या वर गेल्या, एक जण तटस्थ राहिला, आणि "विरोधात?" असं अध्यक्षांनी विचारल्यावर एका मुलाने आपली पाटी वर केली. हळूच केली, खांद्याच्या वर पण नाही नेली. त्याच्याकडे पाच कायम सदस्यांपैकी एक देश होता, आणि या पाचांतल्या एकाने जरी विरोध केला तरी ठराव पडतो, यालाच व्हेटो म्हणतात. संपलं. ठराव नामंजूर.

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कोपऱ्यात बसलेल्या मुलीने मला विचारलं, "ताई, पण तेरा जण हो म्हणाले ना?"

हो म्हणाले. आणि तरी नाही. 1945 पासून हा नियम असाच आहे. तो देश कुठला ते मुद्दामच लिहीत नाहीये, कारण वाचणारे लगेच आपापली बाजू घेऊन उभे राहतील, आणि तसंही पाचही देशांनी कधी ना कधी व्हेटो वापरलेला आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने 1989 नंतर वापरला नाही, अमेरिका, रशिया आणि चीन या बाकीच्या तिघांनी त्यानंतरही वापरला. मुलांना व्हेटो माहीत होता, परीक्षेत दोन मार्कांना येतो. पण स्वतः दोन दिवस राबून लिहिलेला कागद एका हाताने बाजूला सरकवला जाताना बघणं आणि दोन मार्कांचं उत्तर लिहिणं यात फार अंतर आहे.

जेवणाच्या सुट्टीत तो मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, मला हो म्हणायचं होतं. पण मी त्या देशाची आत्तापर्यंतची भूमिका वाचून आलोय, ते असंच वागले असते. मी खोटं कसं वागणार?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याने तर सगळ्यांत जास्त अभ्यास केला होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

हे होईपर्यंत मला वाटत होतं की तरुणांच्या आशा म्हणजे काहीतरी मोठं, उंच, चमकणारं. आता वाटतं की आशा बघायची तर पहिलं "नाही" ऐकून झाल्यावर ती मुलं काय करतात ते बघायला हवं.

समॅंथा स्मिथची गोष्ट खूप जणांना माहीत असेल. अमेरिकेतली दहा वर्षांची मुलगी, 1982 मध्ये तिने सोव्हिएत संघाचे नेते युरी आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहिलं, नवीन पदाबद्दल अभिनंदन केलं आणि तुम्ही युद्ध करणार आहात का असं सरळ विचारलं. त्यांचं उत्तर आलं, 1983 च्या जुलैमध्ये ती आई-बाबांसोबत तिकडे जाऊन आली, वगैरे. पण यातला एक तुकडा बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. तिच्या पत्रातला मजकूर तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला, पण तिला उत्तर काही आलं नाही. मग तिने दुसरं पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या सोव्हिएत राजदूतांना, की मला उत्तर मिळणार आहे का? त्यानंतर एप्रिल 1983 मध्ये उत्तर आलं. मला ते दुसरं पत्र पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. पहिलं पत्र कुणीही लिहील, भीती वाटली की माणूस लिहितो. दुसऱ्या पत्राला चिवटपणा लागतो. 1985 मध्ये विमान अपघातात ती गेली, तेव्हा फक्त तेरा वर्षांची होती.

कोलंबियाचं तर यापेक्षा लांब आहे. 25 ऑक्टोबर 1996 ला तिथल्या मुलांनी मतदान केलं, लहान मुलांनी, खरोखरच्या मतपत्रिकांवर. तुमच्यासाठी कुठला हक्क सगळ्यांत महत्त्वाचा, असा प्रश्न होता. तेव्हा तिथे सरकार, गनिमी संघटना आणि निमलष्करी टोळ्या यांचं युद्ध कित्येक दशकं चाललेलं. साधारण 27 लाख मुलांनी मत दिलं आणि जगण्याचा हक्क आणि शांतता हे सगळ्यांत वर आले. पुढच्या वर्षी मोठ्यांनी पण शांततेसाठी मतं दिली, जवळजवळ एक कोटी. युद्ध थांबलं का? नाही थांबलं. वीस वर्षं गेली. 2016 मध्ये सरकार आणि फार्क ही गनिमी संघटना यांच्यात करार झाला, तो लोकांपुढे ठेवला आणि 2 ऑक्टोबरला लोकांनी तो नाकारला! फरक 54 हजार मतांच्या आसपास, आणि मतदानाला चाळीस टक्के लोक पण आले नव्हते. तीनच दिवसांनी राजधानीत बोगोटामध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मूक मोर्चा, हातात मेणबत्त्या, पांढरे झेंडे. मुख्य चौकात लोकांनी तंबू ठोकले, करार होईपर्यंत हलणार नाही म्हणाले. दोन्ही बाजू परत बसल्या, विरोधकांच्या हरकती ऐकून मजकूर बदलला आणि 24 नोव्हेंबरला सुधारित करारावर सह्या झाल्या. त्यानंतर सगळं छान झालं असं अजिबात नाही, शस्त्रं टाकलेल्या कितीतरी जणांना नंतर मारलं गेलं, हिंसा अजून आहे. पण जो हिशोब मला सोडत नाही तो असा, की 1996 ला दहा वर्षांचं असलेलं मूल 2016 ला तीस वर्षांचं होतं. म्हणजे त्या चौकात असं कुणीतरी असणारच ज्याने लहानपणी त्या मतपत्रिकेवर खूण केली होती.

नेतृत्वाबद्दल मुलांशी बोललं ना, की एका वाक्याचा त्यांना खरंच राग येतो. "तुम्ही उद्याचे नेते." एक जण म्हणाला, "उद्या उद्या किती दिवस?" बरोबर आहे त्याचं. जगातली निम्मी माणसं तिशीच्या आतली आहेत आणि जगभरच्या खासदारांमध्ये तिशीच्या आतले तीन टक्के पण नाहीत. कितीतरी देशांत बंदूक हातात घ्यायला 18 वर्षं पुरतात आणि संसदेत बसायला 21 किंवा 25 लागतात. लढायला जाण्याइतका मोठा, पण लढायचं की नाही ते ठरवायला लहान, हे कुठलं गणित?

कागदावर मान्य झालेलं आहे बरं का सगळं. 9 डिसेंबर 2015 ला याच सुरक्षा परिषदेने 2250 क्रमांकाचा ठराव एकमताने पास केला. जॉर्डनने पुढाकार घेतला होता, आणि त्याच्या आधी ऑगस्टमध्ये अम्मानला जमलेल्या तरुणांनी स्वतः एक जाहीरनामा तयार केला होता, त्यातून ही गोष्ट पुढे गेली. शांततेच्या चर्चांमध्ये, करारांमध्ये 18 ते 29 वयाच्या तरुणांना सामील करून घ्या असं तो ठराव देशांना सांगतो. तोपर्यंत अशा चर्चांमध्ये तरुण म्हणजे एक तर बिचारे बळी नाहीतर धोकादायक पोरं, तिसरी जागाच नव्हती. ठरावाने ती जागा दिली, पण खुर्ची कोण देणार? त्याला दहा वर्षं होऊन गेली आणि शांतता बोलणीचे फोटो बघितले तर अजून तीच वयस्कर माणसं, तीच लांब टेबलं.

पैशांचं पण बोलली मुलं. 2024 मध्ये जगाने लष्करावर 2,718 अब्ज डॉलर खर्च केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं 2024-25 चं बजेट होतं साधारण 5.6 अब्ज. एकाने फळ्यावर भागाकार केला, उत्तर आलं चारशे पंच्याऐंशीच्या आसपास, त्याला वाटलं चुकलं, पुसून परत केला. तेच आलं. त्यावर कुणी भाषण केलं नाही, फळ्यावरचा तो आकडा दिवसभर तसाच राहिला.

तर, जेवणाची सुट्टी. मी समजत होते मुलं नाराज होऊन घरी जातील. पण ती कोपऱ्यातली मुलगी मोबाईलवर काहीतरी वाचत होती आणि एकदम उठून तिने सगळ्यांना बोलावलं. तिला दोन गोष्टी सापडल्या होत्या. एक, 1950 चा एक ठराव आहे, परिषद व्हेटोमुळे अडली तर विषय आमसभेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, नेता येतो, आणि आमसभेत व्हेटो नसतो. आणि दुसरी, एप्रिल 2022 पासून असा नियम झालाय की कुणीही व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा बसते आणि त्यावर सगळ्या जगासमोर चर्चा होते. हा नियम आणायला पुढाकार घेतला लिश्टेनस्टाइनने. जेमतेम चाळीस हजार वस्तीचा देश, ज्याला स्वतःचं सैन्य पण नाही! मुलांना हे इतकं आवडलं की काय सांगू. व्हेटो त्याने संपत नाही, पण "का" हा प्रश्न सगळ्यांसमोर निघतो.

मला वाटलं आता सगळे मिळून त्या मुलाला कोंडीत पकडणार. तसं झालं नाही, आणि माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. ती मुलगी त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तू हो म्हणू नकोस. तुझा देश हो म्हणणार नाही हे कळलं आम्हाला. पण तू नुसता तटस्थ राहिलास तरी ठराव अडत नाही, बरोबर ना ताई?" बरोबर होतं, कायम सदस्य तटस्थ राहिला तर व्हेटो धरत नाहीत. मुलगा बराच वेळ मसुद्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "तटस्थ राहीन. पण घरी जाऊन सांगायला मला काहीतरी द्या."

घरी म्हणजे त्याच्या देशात, त्याच्या सरकारला. किती साधं वाक्य आहे हे. विरोधात उभ्या असलेल्या माणसाला परत जायला एक वाट लागते, मान खाली न घालता जाता येईल अशी, आणि ती वाट समोरच्यांनी करून द्यायची असते. हे सतरा वर्षांच्या मुलाला बोलता आलं आणि पंधरा-सोळा जणांच्या घोळक्याला ते ऐकू पण आलं. मोठमोठ्या पदांवर बसलेली माणसं टीव्हीवर एकमेकांना धमक्या देतात तेव्हा मला आता सारखं तेच आठवतं. मुलांना नेता कसा हवा असं विचारलं की ती खंबीर, निर्भय, प्रामाणिक असं लिहितात, पण त्या टेबलाभोवती त्यांनी जे केलं त्याला मला नीटसा शब्दच सापडत नाहीये. त्यांनी त्याला विचारलं की तुला काय लागेल, आणि तो बोलत असताना मधे तोंड घातलं नाही, बस.

मग काम सुरू. 72 चे 48 तास झाले, गाड्या फक्त दिवसा, तपासणी करणाऱ्यांमध्ये दोन्ही देशांना मान्य असलेली माणसं, आणि सुरुवातीच्या परिच्छेदातलं एक वाक्य, ज्यात एका देशाचा ठपका होता, ते काढायचं की ठेवायचं. त्यावरून परत भांडण. एक मुलगी रडकुंडीला आली, म्हणाली ज्यांनी वेढा घातला त्यांचं नाव पण घ्यायचं नाही का? हा प्रश्न खोटा नाहीये, मी पण तिच्याच बाजूने होते मनातून, आणि अजून आहे. शहरात पाणी आज पोचवायचं की दोष आज ठरवायचा, दोन्ही एकदम जमलं तर उत्तमच, पण नेहमी जमत नाही आणि त्या मुलीला ते मान्य करणं किती जड गेलं ते मी बघितलंय. शेवटी ते वाक्य त्यांनी कंसात ठेवलं, मतदानाच्या आधी ठरवू म्हणून.

आणि वेळ संपली. हॉल सहा वाजता रिकामा करून द्यायचा होता, मी दोनदा दहा मिनिटं वाढवून दिली, तिसऱ्यांदा देता आली नाही. दुसरं मतदान झालंच नाही. खोडाखोड केलेला तो मसुदा, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेला, टेबलावर तसाच. मी पाट्या गोळा करत होते आणि मुलं एकमेकांचे नंबर घेत होती.

काल रात्री मेसेज आला. "ताई, शनिवारी आम्ही परत बसतोय, पंधरापैकी चौदा जण नक्की, एकाचं विचारून सांगतो. जागा मिळालीये. तुम्ही फक्त पाट्या आणाल का?"