माणसं आपली माणसं नीट सांगतात का?

सर्वेक्षणाला निघालेल्या पोरांचा, आणि गावकऱ्यांचाही, ठरलेला प्रश्न असतो, "जवळचं कोण कोण, असं दारोदार विचारता, पण लोक खरं सांगतात का?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. खोटं फारसं कुणी सांगत नाही. चुकीचं मात्र भरपूर सांगतात.

अमेरिकेत बर्नार्ड आणि किलवर्थ या संशोधकांनी 1970 च्या दशकात हॅम रेडिओवाल्यांना (हौसेनं रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांना) कुणाशी किती बोललात ते विचारलं आणि उत्तरं प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली. अशा अनेक अभ्यासांवरून 1984 मध्ये निघालेला हिशोब असा की सांगितलेल्यातलं निम्मं कुठे ना कुठे चुकतं. फ्रीमन मंडळींनी 1987 मध्ये त्या चुकीची तऱ्हा दाखवली. एखाद्या बैठकीला कोण होतं विचारलं, तर नेहमी येणारा त्या दिवशी नसला तरी "होता की" म्हणतात, एकदाच आलेला विसरतात.

आजारपणात उसने पैसे कुणाकडून आणता, हे विचारायला अशी सवयीची आठवण पुरते. क्षयरोगात नडते. तिथे लागण कुणाला झाली असेल ते शोधायला उपचाराआधीच्या 3 महिन्यांत रुग्णासोबत बंद जागेत कोण राहिलं, कोण बसलं, ते हवं असतं. कर्नाटकातल्या निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईला "ओळखीचं कोण?" विचारा. भाऊ सांगेल, गडहिंग्लजचे पाव्हणे सांगेल. दिवसभर खांद्याला खांदा लावून बसणारी राहून जाईल. एका खोलीत झोपणारी जाऊसुद्धा राहते. का, तर "ती व्हय? ती घरातलीच की!"

म्हणून नात्यापेक्षा जागा धरून विचारायचं. रात्री त्या खोलीत कोण झोपतं? वखारीत उजवीकडे कोण, डावीकडे कोण? सौंदत्तीला यल्लम्माला गेलात त्या गाडीत कोण कोण होतं? मग यादी मोठ्यानं वाचून दाखवायची, "आणखी कोण?" म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच नवीन पोरांना जमत नाही.

आधी सगळी नावं, वय-पत्ता नंतर. प्रत्येक नावामागे सहा प्रश्न लावले की तिसऱ्या नावाला बाई शहाणी होते, "झाली, एवढीच." लिहिणाराही मनातून सुटतो, ते वेगळं.

पुढचा घोळ नावांचा. एकीची 'अक्का', दुसरीची 'निपाणीची वैनी' आणि कन्नड यादीतलं तिसरंच नाव, अशा एका बाईच्या तीन बाया होतात. गल्ली, नवऱ्याचं नाव, फोन यांतलं दोन तरी जुळल्याशिवाय एक धरू नये. आणि पाव्हण्यांपुढे तालुका-राज्य लिहायचंच. गडहिंग्लजचा कागद सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रात जायचा असतो.