ई-टाइपचं मागचं सस्पेन्शन: आधी मोजा, मग खोला

जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली ती मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनसकट. जॅग्वारचे इंजिनिअर बॉब नाइट यांच्या हाताखाली तयार झालेली ही रचना पुढे थोड्याफार फरकाने जॅग्वारच्या बऱ्याच गाड्यांत गेली, आणि एक्सजेएसमध्ये तर १९९६ पर्यंत टिकली. एका पोलादी पिंजऱ्यात डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअर-संच), दोन्ही डिस्क ब्रेक, चार स्प्रिंगा, चार शॉकॲब्सॉर्बर, दोन विशबोन (चाक धरणारे दुबेळक्याचे आर्म) आणि दोन ड्राइव्ह-शाफ्ट. बॉडीला हे सगळं चार रबरी माउंटांवर टांगलेलं. प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट), ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, दोन रेडियस आर्म (विशबोनपासून पुढे बॉडीला जाणारे) आणि अँटी-रोल बारच्या लिंका सोडवल्या की आख्खा पिंजरा खाली येतो.

पण या रचनेत एक मेख आहे. वरचा विशबोन नाहीच. त्याचं काम ड्राइव्ह-शाफ्ट करतो. म्हणजे चाक फिरवणारा शाफ्टच चाक उभं धरतो. त्यामुळे शाफ्टच्या क्रॉसमध्ये (युनिव्हर्सल जॉइंटमध्ये) जरा प्ले (ढिलाई) आला, की नुसता खडखडाट होत नाही, चाकाचा कोनच हलतो. एखादी शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) इकडची तिकडे झाली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. बरेच जण पिंजरा सँडब्लास्ट करून काळा चकचकीत रंगवतात, नवे बुश (सांध्यांतले रबरी भाग) ठोकतात आणि जोडून टाकतात. गाडी दिसते सुंदर, पण रस्त्यावर मागून ‘स्टीअर’ होते. या कामात रंगापेक्षा मायक्रोमीटर आणि डायल गेज जास्त महत्त्वाचे.

म्हणून गाडी जमिनीवर असतानाच दोन्ही मागच्या चाकांचा कॅम्बर मोजून लिहून ठेवा. मग मागचा भाग उचला आणि चाक वर-खाली व आत-बाहेर हलवून बघा: हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगचा प्ले, विशबोनच्या बाहेरच्या टोकाचा प्ले आणि क्रॉसचा प्ले वेगवेगळा ओळखता येतो. दुसऱ्या माणसाने चाक हलवायचं आणि आपण सांध्यावर बोट ठेवायचं. कुठे काय झिजलंय हे खोलण्याआधी जेवढं कळतं तेवढं टेबलावर कळत नाही.

उतरवताना

स्टँड बॉडीला द्यायचे, रेडियस आर्मच्या माउंटिंगच्या पुढे. प्रॉपशाफ्टच्या फ्लँजवर पंचने खूण करा. सगळ्यात जास्त छळतो तो रेडियस आर्मचा पुढचा बुश. त्याची आतली पोलादी नळी बॉडीवरच्या खुंटीला गंजाने चिकटते. बोल्ट आणि सुरक्षा-पट्टी काढली तरी आर्म हलत नाही. इथे लांब पहार घालून जोर लावला तर खुंटीभोवतीचा फ्लोअरचा पत्रा फाटतो, आणि ते दुरुस्त करणं सस्पेन्शनपेक्षा मोठं काम होऊन बसतं. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. तरीही सुटलं नाही तर रबर कापून आर्म मोकळा करा, नळी खुंटीवरच राहू द्या आणि नंतर ती लांबीत चिरून उघडा. बुश टाकूनच द्यायचा आहे, त्याची दया नको.

पिंजऱ्याखाली जॅक लावताना मध्ये जाड फळी हवीच. खालची टाय-प्लेट हा पातळ पत्रा आहे आणि थेट जॅक लावून दबलेल्या टाय-प्लेटी सर्रास दिसतात. दबलेली प्लेट दोन विशबोन-ब्रॅकेटांमधलं अंतर नीट धरत नाही, ती बदलावी किंवा सपाट करून घ्यावी. वजन बरंच आहे, खाली आणताना दोन माणसं लागतात. बॉडी आणि माउंट यांच्यामध्ये पॅकिंग सापडलं तर ते कोणत्या कोपऱ्यातलं ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा.

टेबलावर

पिंजरा उलटा करून टाय-प्लेट काढा, मग शॉकॲब्सॉर्बर. स्प्रिंग दाबायचा योग्य कॉम्प्रेसर नसेल तर इथेच थांबा. ताणलेली स्प्रिंग जुगाडाने सोडवायची गोष्ट नाही. त्यानंतर ड्राइव्ह-शाफ्टच्या आतल्या फ्लँजचे चार नट. फ्लँज आणि डिस्क यांच्यामध्ये ज्या पातळ शिमा निघतात त्या कॅम्बरच्या. डाव्या किती, उजव्या किती, हे लिहून त्या तारेत ओवून ठेवा. डिस्कच्या दुसऱ्या अंगाला, आउटपुट शाफ्टच्या बाजूला शिमा असल्या तर त्या डिस्क कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाच्या) मधोमध आणण्यासाठी असतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर नंतर दोन्ही मापं चुकतात, कारण डिस्क बाहेर सरकली की तिच्याबरोबर ड्राइव्ह-शाफ्टही सरकतो.

विशबोनचं आतलं टोक दुबेळक्याचं असतं. प्रत्येक फाट्यात नीडल बेअरिंग, त्याच्या आत नळी, दोन्ही अंगांना थ्रस्ट वॉशर, ऑइल सील आणि सीलची टोपी. फुलक्रम शाफ्ट (विशबोन ज्यावर झुलतो तो दांडा) बाहेर ठोकला की हे सगळं सुटून पडतं. नळी कापडाने पुसून उजेडात तिरपी धरा. ग्रीस न मिळालेल्या नळीवर सुयांच्या आकाराच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसतात, आणि त्या नेहमी एकाच अंगाला असतात, कारण विशबोन पूर्ण फिरत नाही, थोडासाच झुलतो. नखाला रेघ लागली की नळी आणि बेअरिंग दोन्ही बाद. नुसतं बेअरिंग बदलून जुनी नळी ठेवणं म्हणजे नव्या बेअरिंगचा सत्यानाश. नवं बेअरिंग प्रेसवर बसवताना अक्षरं कोरलेली बाजू बाहेर हवी, दाब त्याच बाजूवर द्यायचा. हातोडीने ठोकलं तर कवच वाकडं होऊन सुया अडकतात.

ग्रीस निपलमधून तार घालून वाट मोकळी आहे का बघा. वर्षानुवर्षांचं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं असतं, ग्रीसगन मारली तरी आत काही जात नाही आणि मालकाला वाटतं सर्व्हिसिंग झालं.

सुटे भाग मागवताना एक काळजी: जॅग्वारच्याच एक्सजे६ गाडीचा पिंजरा दिसायला अगदी तसाच, पण रुंद. त्याचे विशबोन आणि ड्राइव्ह-शाफ्ट लांब आहेत, ई-टाइपला चालत नाहीत.

हब आणि त्याचा प्ले

हब शाफ्टच्या स्प्लाइनवर घट्ट बसलेला असतो, त्याला मजबूत पुलरच लागतो. हब कॅरिअर (हब ज्यात फिरतो ते घर) ॲल्युमिनियमचा, म्हणून त्यावर हातोडी चालवायची नाही. आतल्या दोन टेपर बेअरिंगांचा प्ले ०.००२ ते ०.००६ इंच (०.०५ ते ०.१५ मिमी) ठेवायचा, आणि तो नट कमी-जास्त आवळून नाही, तर स्पेसरच्या जाडीने. स्पेसर ०.००३ इंचाच्या टप्प्यांत मिळतात आणि त्यांवर अक्षर असतं: ‘ए’ म्हणजे ०.१०९ इंच, तिथून पुढे वाढत जातात.

पद्धत अशी: माहीत असलेल्या जाडीचा मुद्दाम जाड स्पेसर, समजा ०.१५० इंचाचा, घालून जोडणी दाबायची आणि डायल गेजने प्ले मोजायचा. तो ०.०३० आला असं धरू. आपल्याला ०.००४ हवा, म्हणजे ०.०२६ कमी करायचा. ०.१५० मधून ०.०२६ गेले, उरले ०.१२४, तो ‘एफ’ स्पेसर. प्ले शून्यावर आणला तर बेअरिंग तापून जळतं, जास्त ठेवला तर चाक डुलतं आणि सील लवकर जातं. हबचा नट १४० पाउंड-फूट (१९० न्यूटन-मीटर), नवी स्प्लिट पिन.

कॅरिअरच्या खालच्या सांध्यातही टेपर बेअरिंगांची जोडी आहे. तिथे उलट: प्ले नकोच, शून्य ते ०.००२ इंच प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब), तोही शिमांनी. जुळल्याची खूण म्हणजे कॅरिअर हाताने जरा जड पण सलग फिरतो, कुठे अडकत नाही.

ड्राइव्ह-शाफ्टचे चारही क्रॉस या निमित्ताने बदलावेत. सर्क्लिप बसल्यावर क्रॉसला शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जराही सरकायला जागा राहता कामा नये. साध्या प्रॉपशाफ्टला चालणारा किंचित प्ले इथे चालत नाही.

ब्रेक आणि डिफरन्शियल

डिस्क डिफरन्शियलला खेटून असल्याने त्यांची उष्णता थेट आउटपुट शाफ्टच्या ऑइल सीलवर जाते. सील कडक होतं, तेल डिस्कवर उडतं, ब्रेक एका बाजूला ओढतो. पिंजरा खाली असताना ही सीलं, कॅलिपरची सीलं आणि हँडब्रेकचे छोटे कॅलिपर, तिन्ही कामं उरकून घ्या. गाडीत बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही. डिस्क कॅलिपरच्या मधोमध आहे ना हे फीलर गेजने दोन्ही अंगांना मोजा, फरक ०.०१० इंचाच्या (०.२५ मिमी) आत हवा. पिंजऱ्याला डिफरन्शियल धरणारे चार बोल्ट ७५ पाउंड-फुटांच्या आसपास, आणि त्यांना नवी लॉकवायर. वायरचा ओढा बोल्ट आवळायच्या दिशेने हवा, उलटा ओढा म्हणजे वायर नसल्यासारखंच.

तेल ईपी ९०, साधारण दीड लिटर, भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत. डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारं) असेल तर त्यासाठीचा ॲडिटिव्ह लागतो, नाहीतर वळणावर मागून गुरगुर येते.

जोडताना

विशबोनच्या वॉशर-सीलांचा गोतावळा जागेवर धरायला डमी शाफ्ट करून घ्या: फुलक्रम शाफ्टच्याच जाडीचे दोन आखूड तुकडे, टोकं थोडी निमुळती. प्रत्येक फाट्यात नळी, वॉशर आणि सील ग्रीसने चिकटवून हा तुकडा घाला, विशबोन ब्रॅकेटवर सरकवा, मग खरा शाफ्ट एका बाजूने हलक्या हाताने आत घाला. तो डमी पुढे ढकलत जातो. शाफ्ट मध्येच अडला तर ठोकू नका, एखादा वॉशर खाली घसरलेला असतो. आतले नट ४५ ते ५० पाउंड-फूट (६१ ते ६८ न्यूटन-मीटर), बाहेरच्या फुलक्रमचे ५५ (७५).

रेडियस आर्मच्या मोठ्या बुशच्या रबरात पोकळ्या असतात. जुना काढण्याआधी त्यांची दिशा आर्मवर रंगाने आखून ठेवा आणि नवा त्याच दिशेने दाबा. वाकडा बसला तर आर्म पुढे-मागे कडक आणि आडवा ढिला होतो. रबरी बुशचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा, पूर्ण आवळणी गाडी चाकांवर आल्यावर. हवेत लोंबकळताना आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ब्रेकचे पाइप पिंजऱ्यावर आधीच बसवा. पिंजरा वर चढल्यावर तिथे पाना फिरत नाही.

कॅम्बर मोजताना सस्पेन्शन ठरावीक उंचीवर धरावं लागतं. त्यासाठी शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूने मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीच्या लोखंडी लिंका लावतात. माप पाऊण अंश निगेटिव्ह, पाव अंश इकडे-तिकडे, आणि दोन्ही बाजूंत पाव अंशापेक्षा जास्त फरक नको. ०.०२० इंचाची (०.५ मिमी) एक शिम साधारण पाव अंश बदलते. शिम वाढवली की चाकाचा माथा बाहेर जातो, काढली की आत येतो. सुरुवातीला जुन्याच शिमा घालून मोजा. नवे क्रॉस आणि नव्या बेअरिंगांनंतर आकडा बदललेला असतो, म्हणून एकदा तरी पुन्हा खोलायची तयारी ठेवा.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर रेडियस आर्मचे आणि माउंटांचे बोल्ट पुन्हा तपासा, कॅम्बर पुन्हा मोजा आणि डिस्कच्या आतल्या काठावर तेलाचा ओलावा आहे का, हे टॉर्च मारून बघा.