प्रॉपर्टीच्या रकान्यात सापडलेली पटकथा

नवे सहाय्यक सिनेमाच्या युनिटवर आले की त्यांना आधी उलटं ब्रेकडाउन करायला बसवतो. ब्रेकडाउन म्हणजे पटकथा वाचून प्रत्येक सीनला काय काय लागेल त्याची यादी. तयार सिनेमा लावायचा, थांबवत थांबवत बघायचा आणि शूटिंगच्या आधी तो कागदावर कसा दिसला असेल ते शीटवर उतरवायचं. सीन नंबर, आत की बाहेर, दिवस की रात्र, लोकेशन, पात्रं, कपडे, हँड प्रॉपर्टी (पात्रांच्या हातात येणाऱ्या वस्तू), विशेष सूचना. पानं आठव्या भागांत मोजायची. एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. कंटाळवाणं काम आहे, पण ज्याला हे येत नाही त्याचं शेड्यूल पहिल्याच दिवशी कोसळतं.

या वेळी दिला 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचा, १९९५चा. दिग्दर्शक अँग ली, पटकथा एमा थॉम्पसनची, आणि थोरल्या बहिणीची, एलिनॉरची, भूमिकाही तिचीच. पीरियड फिल्म, म्हणजे जुन्या काळातली, असल्यामुळे कपड्यांचा रकाना भरताना मुलांचा घाम निघेल, एवढाच माझा हिशोब होता. दुपारपर्यंत गाडी वेगळ्याच रकान्यात अडकली.

मुलांना वाटत होतं की नटी लिहायला बसली की आधी स्वतःसाठी टाळ्यांची वाक्यं लिहिणार. आपल्याकडे हा समज पक्का आहे, आणि तो पसरवण्यात निर्मात्यांचा वाटा मोठा. थॉम्पसनचा मार्ग वेगळा होता. केंब्रिजच्या फुटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या विनोदी नाट्यसंस्थेत स्टीफन फ्राय आणि ह्यू लॉरी या विनोदी नटांबरोबर ती प्रहसनं करायची. १९८८मध्ये बीबीसीवर तिने स्वतः लिहिलेली प्रहसनांची मालिका आली आणि समीक्षकांनी ती झोडपली. पण त्यातलीच काही प्रहसनं बघून निर्माती लिंडसे डोरनला वाटलं, जेन ऑस्टिनच्या कादंबरीची पटकथा हिने लिहावी. लिहायला चार-पाच वर्षं लागली. मधल्या काळात 'हॉवर्ड्स एंड' या सिनेमासाठी तिला अभिनयाचं ऑस्करही मिळालं. पुढे १९९६मध्ये या पटकथेचं मिळालं. अभिनय आणि लेखन दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणारी ती एकटीच.

आता शीट. कादंबरी १८११ची. वडील वारल्यावर दुसऱ्या प्रकरणात त्यांचा मुलगा आणि सून एका जागी बसून ठरवतात की सावत्र आई आणि एलिनॉर, मरियान, मार्गारेट या बहिणींना किती द्यायचं. तीन हजार पौंडांपासून सुरुवात होते आणि गाडी मासळी-शिकारीच्या भेटीवर येऊन थांबते. सिनेमात हे एकच संभाषण चिरून चार-पाच तुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी टाकलंय. प्रत्येक तुकड्यात रक्कम उतरते आणि घोडागाडी त्या बहिणींच्या घराजवळ येत जाते. शेवटी उरतात अधूनमधून वीस पौंड. शीटवर हे महागडं दिसतं: दोन पात्रं, थोडेसे संवाद, आणि त्यासाठी इतके सेटअप, म्हणजे दर वेळी कॅमेरा-लाइटची नवी मांडणी. कुठलाही प्रॉडक्शन मॅनेजर लेखकाला फोन करून म्हणेल, एका खोलीत उरका. एका खोलीत तो वाद झाला असता. गाडीत मात्र निर्णय आणि माणसं एकदमच दारात पोचतात.

हँड प्रॉपर्टीच्या रकान्यात मुलांनी 'नकाशांचं पुस्तक' लिहिलं आणि पुढे गेली. मी थांबवलं. कादंबरीत एडवर्ड (त्या सुनेचा भाऊ) आणि एलिनॉर यांचं जुळतं ते जवळजवळ सगळं निवेदनात. दोघांचा धड एक संवाद तिथे नाही. धाकटी मार्गारेट तर नावापुरती आहे. थॉम्पसनने तिला लायब्ररीत टेबलाखाली लपवलं. तिला बाहेर काढायला एडवर्ड आणि एलिनॉर मुद्दाम भूगोल चुकवत बसतात. नाईल नदी एलिनॉर थेट बेल्जियममध्ये नेऊन ठेवते. पोरीला राहवत नाही, ती बाहेर येते. प्रेमाचा एक शब्द नाही, पण दोघं एकाच गमतीत सामील झाल्याचं आपण बघितलेलं असतं.

पुढे तेच पुस्तक पुन्हा येतं. कादंबरीत एडवर्ड मुलींच्या नव्या घरी येऊन आठवडाभर राहतो. सिनेमात तो येतच नाही. पुस्तक पार्सलने येतं. एका पार्सलवर आठवड्याचा मुक्काम कापला, नटाच्या तारखा वाचल्या, आणि 'तो आला नाही' हे एलिनॉरला न बोलता करता आलं. पानं कशी वाचवायची हे मी मुलांना नेहमी संवाद छाटून दाखवतो. इथे वाचवली ती एका वस्तूने.

रुमालाचंही तसंच. मधली बहीण मरियान वडिलांच्या आवडीची धून वाजवते, एलिनॉरचे डोळे भरतात, एडवर्ड आपला रुमाल देतो. पुढे लूसी नावाची मुलगी येते, एडवर्डशी आपला गुपचूप साखरपुडा झालाय म्हणून सांगते, आणि तशाच आद्याक्षरांचा रुमाल काढते. कादंबरीत लूसी पुरावा म्हणून छोटं चित्र आणि पत्र दाखवते. वाचताना ते चालतं. कॅमेऱ्यापुढे चित्र दाखवायचं म्हणजे इन्सर्ट (वस्तूचा जवळून वेगळा शॉट) घ्या, चेहरा ओळखू येईल एवढा वेळ द्या, मग प्रतिक्रिया. रुमाल आपल्या ओळखीचा असतो, ओळख पटवण्यात वेळ जात नाही. कंटिन्युइटीवाल्याला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय ना हे बघणाऱ्याला, मात्र तो डोकेदुखी. एकसारखं भरतकाम असलेले निदान चार-पाच नग हवेत, कारण टेक झाला की रुमाल ओला किंवा चुरगळलेला, आणि पुढच्या टेकला कोरडा, त्याच घडीचा लागतो. मुलांनी शीटवर 'रुमाल – १' लिहिलं होतं. हे दरवर्षी होतं, आणि सेटवर प्रॉपर्टीवाल्या दादांनी आपणहून जादा नग आणलेले असतात म्हणून निभावतं.

तिसरी वस्तू चहाचा कप. मरियानचा प्रियकर विलबी तिला सोडून निघून गेल्यावर आई, मरियान आणि मार्गारेट आपापल्या खोलीत शिरून दारं लावून घेतात, आतून हुंदके. एलिनॉर जिन्यावर बसते आणि हातातला चहा पिते. बस. आपल्याकडच्या बहुतेक पटकथांत इथे 'ती हताश होते' एवढंच लिहिलेलं मिळतं. हताश कसं व्हायचं, कुठे बसून, हातात काय, हे कुणी ठरवायचं? दिग्दर्शक नटाकडे बघतो, नट आर्टवाल्यांकडे. ज्या बाईने स्वतः सेटवर रिकाम्या हाताने असं वाक्य पेललंय, ती लिहिताना हातात कप देते. यातला विनोदही तिचाच, फुटलाइट्समधला.

एलिनॉरचं स्वतःचं मोठं रडणं शेवटी येतं. कादंबरीत एडवर्ड लूसीच्या साखरपुड्यातून मोकळा आहे हे कळताच एलिनॉर खोलीबाहेर पळते आणि दाराआड रडते. सिनेमात बाकीच्या बाहेर जातात आणि ती त्याच्यासमोर हुंदके देते. तो बोलतो, ती रडते. लेखिकेने स्वतःला दिलेल्या सगळ्यांत मोठ्या प्रसंगात संवाद जवळपास सगळे समोरच्याला. आणि प्रत्यक्ष लग्नाची मागणी कळते ती झाडावरच्या घरात दुर्बीण घेऊन बसलेल्या मार्गारेटकडून. पुन्हा तीच पोर, पुन्हा वस्तू.

इथवर मुलं खूश होती. मग एकीने विचारलं, विलबीचं काय? त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

कादंबरीत ४४व्या प्रकरणात, मरियानच्या जिवावरचा धोका नुकताच टळलेला असताना, विलबी रात्री येऊन एलिनॉरपुढे सगळं कबूल करतो. सिनेमात तो प्रसंग नाही. त्यातला एक धागा आधीच कर्नल ब्रँडनच्या, मरियानवर प्रेम करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या, तोंडी दिलाय: विलबी निघून गेला त्या दिवशी तो खरंच मरियानला लग्नाचं विचारणार होता, हे लंडनमध्ये ब्रँडनच एलिनॉरला सांगतो. हिशोब कळतो. तो सीन घेतला तर पाच-सहा पानं जातात, तीही आजारपणाचा ताण नुकताच ओसरत असताना, आणि ज्या ब्रँडनकडे प्रेक्षकाला वळवायचंय त्याच्यावरून नजर हटते. शिवाय प्रतिस्पर्ध्याची बाजू ब्रँडननेच मांडली की त्याचाच मोठेपणा दिसतो. शेड्यूल करणारा माणूस म्हणून मी ही काट डोळे मिटून मान्य करेन.

पण मग शेवटी विलबी टेकडीवरून घोड्यावर बसून मरियान आणि ब्रँडनचं लग्न बघतो. शीटवर एक ओळ: एक पात्र, एक घोडा, संवाद नाही. सगळ्या सिनेमाभर पात्रांना हातात धरायला काहीतरी देणाऱ्या लेखिकेने त्याला फक्त लगाम दिला. माझ्या मते तो शॉट कबुलीजबाबाची भरपाई करत नाही. त्याला मरियानला सोडून श्रीमंत मुलीशी लग्न केल्याची, पैसा निवडल्याची, हळहळ आहे एवढंच कळतं, आपण काय केलं हे त्याला कळलंय की नाही ते कळत नाही. प्रश्न विचारणारीचं म्हणणं उलट होतं: ते त्याला कळू नये, हेच लेखिकेला हवं असेल. तिने 'विशेष सूचना'च्या रकान्यात 'नजर लग्नाकडे, कॅमेऱ्याकडे नाही' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही.